माझ्या बाजूचे चार चेहरे

रविवारी रात्री मैदानावरून घरी आले की हे दारातच विचारतात, "कोण जिंकलं?" आणि चपला काढता काढता मी अडखळते. सामना संपल्यावर गुणलेखकाने आकडे वाचून दाखवलेले असतात, टाळ्या झालेल्या असतात, एका बाजूच्या मुली एकमेकींच्या अंगावर पडलेल्या असतात आणि दुसऱ्या बाजूची एखादी खांबाशी बसून रडत असते. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं असतं. पण रडणारी कुठल्या संघाची ते सांग म्हटलं की मला आठवावं लागतं. "तीन तास उभी राहून आलीस आणि कोण जिंकलं ते ठाऊक नाही," हे म्हणतात, "बँकेत अशी रोकड मोजलीस तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील."

मी एका सहकारी बँकेत कॅशियर आहे, 26 वर्षं. खो-खोची पंच आहे 18 वर्षं. पहिल्या कामाचा पगार मिळतो, दुसऱ्यातून रिक्षाभाडं सुटतं आणि वर चहा. मोठी स्पर्धा असली तर नाश्त्याला पोहेसुद्धा. मी उतरते ते सामने शाळांचे, गल्लीतल्या मंडळांचे, सुट्टीतल्या शिबिरांचे. पेपरात आले तर तीन ओळी येतात आणि त्यात पंचांचं नाव नसतं. नसतं तेच बरं. पंचाचं नाव लोकांना कळतं तेव्हा बहुधा काहीतरी बिनसलेलं असतं.

बडोद्यात, त्यातही दांडिया बाजारात वाढलेल्या मराठी मुलीला खो-खो शिकवावा लागत नाही. माझ्या लहानपणी शाळा सुटली की दप्तरासकट जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या रस्त्याने आम्ही पळत सुटायचो. मल्लखांबावर चढलेली मुलं बघत थोडा वेळ उभं राहायचं आणि मग आपल्या मातीत. हे व्यायाम मंदिर 1880 सालचं. पुढे प्राध्यापक माणिकरावांनी ते देशभर नावाला आणलं. घरात आजोबा पुणेकर पाहुण्यांना एक गोष्ट न चुकता ऐकवायचे. खो-खोचे नियम 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले हे खरं, पण 1924 साली ते छापून काढले बडोद्याच्या जिमखान्याने. "तुम्ही बोललात, आम्ही लिहून ठेवलं," असं म्हणून ते मिशीत हसायचे. पाहुणे चिवडा खात राहायचे. आजोबांचं ते वाक्य मला पंच झाल्यावर कळलं. नियम तोंडी असतो तोवर सगळेच शहाणे असतात. तो कागदावर आला की कुणीतरी बाजूला उभं राहून बघायला लागतं.

आता हे बघणं कसं असतं ते सांगायला हवं, कारण खो-खो पाहणाऱ्यांतल्या बहुतेकांनी पंचाकडे कधी पाहिलेलंच नसतं.

मैदानाच्या मधोमध लांब मध्यपाटी, तिच्या दोन टोकांना दोन खांब. पाटीवर आठ चौकोन आणि त्यांत आठ जणी बसलेल्या. एकीचं तोंड या बाजूला, शेजारणीचं त्या बाजूला, पुन्हा या बाजूला, असं. नववी पाठलाग करणारी. पळणाऱ्या तिघी-तिघींच्या तुकडीने आत येतात. पंच दोन. मध्यपाटीने मैदानाचे जे दोन लांबट अर्धे होतात त्यातला एक माझा, एक समोरच्याचा. आपापल्या अर्ध्यातला निर्णय आपला, दुसऱ्याला मदत करायची ती वेगळी. मैदानाभोवती मोकळी सोडलेली पट्टी म्हणजे लॉबी, तिच्या बाहेरून आम्ही खेळाबरोबर सरकत राहतो. दोघांच्या वर सरपंच, म्हणजे मुख्य पंच, असतो, शिवाय वेळाधिकारी आणि गुणलेखक. कागदावर पाहिलं तर एवढ्या माणसांच्या नजरेतून मुंगी सुटू नये.

पण खो-खोची गंमत अशी की खो पाठीमागून द्यायचा असतो. म्हणजे पाठलाग करणारी माझ्या अर्ध्यात धावत असेल, तर ती खो देणार जिची पाठ माझ्याकडे आहे तिला. ती उठणार ती समोरच्या अर्ध्यात. तिने पुन्हा खो दिला की खेळ परत माझ्याकडे. दर खोला खेळ कूस बदलतो. चांगला संघ असेल तर चार-पाच सेकंदांत दोनदा. अंगावर आला, गेला, आला, गेला. मोठ्यांची पाळी 9 मिनिटांची, लहान गटाची 7. तेवढा वेळ हा झोका थांबत नाही.

नवीन असताना मला वाटायचं की कठीण वेळ म्हणजे खेळ माझ्या अर्ध्यात असतो ती. पाय बघायचे, हात बघायचा, पाठलाग करणारीने दिशा घेतल्यावर खांदा फिरवला का, मध्यपाटी ओलांडली का, खो देताना तळवा पाठीला लागला का आणि तोंडातून शब्द निघाला का, हे सगळं एका दमात. प्रत्यक्षात त्या वेळी मन कुठे जात नाही. जायला जागाच नसते. पावसात डोक्यावर पत्रा धरून पळणाऱ्या माणसाला गॅस बंद केला की नाही हे आठवत नाही. आठवतं ते आडोशाला उभं राहिल्यावर.

माझा आडोसा म्हणजे खेळ समोरच्या अर्ध्यात गेला की मिळणारे ते दोन सेकंद. कधी तीन. एवढ्याशा वेळात मन घरी जाऊन येतं यावर पंच नसलेल्या माणसाचा विश्वास बसणार नाही. माझं गेलेलं आहे. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्यात. मघाची ती मुलगी खरंच बाद होती ना? समोरच्या पंचाच्या पँटला माती लागलीय. शुक्रवारी काउंटरवर पाचशेची एक नोट जास्त आली होती ती कुणाची? आणि तेवढ्यात खो होऊन खेळ परत आलेला असतो. मी मात्र अजून पाचशेच्या नोटेपाशी.

काउंटरवर एक सोय आहे. शंभर नोटांची गड्डी मोजताना त्रेसष्टला कुणी "बेन, पासबुक भरी आपो ने" म्हणत मध्ये घुसलं आणि आकडा सुटला, तर पुन्हा एकपासून मोजता येतं. ग्राहक चुळबुळतो, पण नोटा तिथेच असतात. मैदानावर त्रेसष्टावी नोट पळून गेलेली असते.

माझी भाची सयाजीराव विद्यापीठात मानसशास्त्र शिकते. तिला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मावशी, यावर तर केव्हाच काम झालंय." मॅकवर्थ नावाच्या इंग्रज माणसाने 1948 साली एक प्रयोग मांडला होता. रडारवर टक लावून बसणाऱ्या सैनिकांच्या नजरेतून खुणा का सुटतात ते शोधायचं होतं. त्याने एक घड्याळासारखी तबकडी केली. तिचा काटा एकेक पाऊल सरकायचा आणि क्वचित, मध्येच कधीतरी, दुप्पट उडी मारायचा. ती उडी दिसली की कळवायचं, बस्स. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांच्या चुका वाढल्या. आळशी लोक नव्हते ते. काहीच न घडणारा वेळ बघत राहणं हेच माणसाला जड जातं.

मला ते ऐकून बरं वाटलं. पण भाचीला मी म्हटलं, की माझी गोष्ट जरा वेगळी आहे. त्या बिचाऱ्यांना अर्धा तास शांत मिळायचा. मला दोन सेकंद मिळतात, आणि मी त्या दोनांतही पोचते घरी. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. बहुधा माझ्यावर निबंध येईल.

आता ती चूक. चार वर्षांपूर्वीची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

मे महिना, सुट्टीतली स्पर्धा, 14 वर्षांखालच्या मुली. दिवसा पारा 42च्या वर गेलेला, म्हणून सामने संध्याकाळी साडेसहाला सुरू. मैदानावर टँकरने पाणी मारलेलं आणि त्यावर फक्कीच्या रेषा नुकत्याच आखलेल्या. ओल्या मातीचा तो वास आला की माझं वय निम्मं होतं. गुडघ्यांचं होत नाही. त्या वर्षी शरीरही माझं ऐकत नव्हतं. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या बायकांना ज्या गरम वाफा येतात त्या ऐन सामन्यात यायच्या आणि पांढऱ्या शर्टाच्या आत भट्टी पेटायची.

दुसऱ्या पाळीत मी एका मुलीला बाद दिलं नाही. ती दोन्ही पायांनी रेषेबाहेर गेली होती असं प्रेक्षकांतल्या काहींचं म्हणणं. मला एक पाय आत दिसला होता आणि आजही मी तेच म्हणेन. पण बाजूला बसलेल्या पालकांत ठिणगी पडली. "बेन, चश्मांनो नंबर बदलावो!" एकाने ओरडून सांगितलं आणि लोक हसले. मीही मनात हसले, नंबर खरंच बदललेला होता. इथपर्यंत ठीक. पण त्या हसण्यानंतर माझा अर्धा जीव त्या रेषेवरच्या पायापाशी राहिला. खेळ समोर गेला की मी तो पाय आठवायची. खेळ परत आला की डोळे इकडे, पण आत पायच चाललेला.

मग खांबाजवळ एक झटापट झाली. पाठलाग करणारी मुलगी वेगात होती आणि पुढची दमलेली होती. सगळ्यांना दिसत होतं की आता ही सापडणार. लोकांचा तो आवाज तुम्ही ऐकला असेल, "आऽऽ" असा चढत जाणारा, शेवटी फुटणारा. तो फुटला आणि माझी शिट्टी वाजली. मी हात वर केला. बाद.

मुलगी थांबली आणि वळून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. गणितात उत्तर बरोबर असून बाईंनी फुली मारली की मुलं वहीकडे कशी बघतात, तशी. मग मान खाली घालून बाहेर गेली.

सामन्यानंतर पाण्याच्या पिंपापाशी ती दिसली. मी विचारायला नको होतं. पंचाने असं विचारू नये. पण विचारलं. ती म्हणाली, "अडी नहोती, बेन." हात लागला नव्हता. एवढंच बोलून तिने पेला भरला आणि मलाच पुढे केला.

त्या रात्री मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. आणि हळूहळू लक्षात आलं की स्पर्श मी पाहिलेलाच नव्हता. मी आवाज पाहिला होता. लोकांना जे होईलसं वाटलं ते माझ्या कानांतून शिट्टीत गेलं. मध्ये डोळा कुठेच नव्हता. शिट्टी आधी आणि स्पर्श नंतर, आणि तो नंतर आलाच नाही.

भाचीने यावरही मला एक पुरावा आणून दिला. इंग्लंडमध्ये 2002 साली छापून आलेल्या एका अभ्यासात 40 फुटबॉल पंचांना एकाच सामन्याचं चित्रण दाखवलं होतं, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट आणि काहींना मूक. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाविरुद्ध साधारण 15 टक्के कमी फाऊल दिले. मला त्यात घरचा संघ वगैरे फारसा महत्त्वाचा वाटला नाही. आपल्या गल्लीत दोन्ही संघ घरचेच असतात. मला धक्का बसला तो याचा, की ते लोक खोलीत बसून होते. त्यांना कुणी चष्म्याचा नंबर बदलायला सांगत नव्हतं. सामना जुना होता. तरीही आवाज आत शिरला.

मी आमच्या सरांकडे गेले. शाळेत त्यांनीच मला खेळायला शिकवलं आणि पुढे त्यांनीच पंच परीक्षेला बसवलं. तेव्हा ऐंशीच्या घरात होते. बाल्कनीत बसून शेंगा सोलत होते. मी सगळं सांगितलं, पाय, हसणं, पाण्याचा पेला. मला वाटलं धीर देतील. म्हणाले, "शिट्टी कुठे धरतेस?"

"ओठांत."

"श्वास?"

मला कळेना. श्वास कुठे धरणार माणूस?

"शिट्टी ओठांत आणि श्वासही तोंडाने, म्हणजे दचकलीस तरी वाजणार. श्वास नाकाने घे. वाजवायची झाली तर आधी श्वास बदलावा लागतो. तेवढ्यात डोळा पोचतो."

एवढंच. मी आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून बसून राहिले. त्यांनी शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली. निघताना म्हटलं, "आणि तो पाय, सर? मघाचा निर्णय मनातून जातच नाही." ते म्हणाले, "झालं गेलं, विश्वामित्रीला मिळालं. आता त्यात उतरायला जाशील तर मगरी आहेत."

बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्या गावातून वाहणाऱ्या विश्वामित्रीत खरोखरच मगरी आहेत. पावसाळ्यात पूर आला की रस्त्यावरही येतात.

नाकाने श्वास घेणं ऐकायला सोपं आहे. लॉबीच्या कडेने पळत, उन्हाळ्यात, पन्नाशीत, नाकानेच श्वास घ्यायचा म्हणजे आधी वेग सांभाळायला लागतो. वेग सांभाळायचा म्हणजे उगाच धावणं बंद करून खेळ कुठे येणार ते आधी ओळखायला लागतं. सरांनी सांगितलं श्वासाबद्दल, पण सुधारलं ते माझं उभं राहणं. ते त्यांना ठाऊक असणार. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक असेच असतात, हात सरळ कर म्हणतात आणि पाठीचं दुखणं जातं.

दोन सेकंदांच्या आडोशाचं काय करायचं ते मात्र मला कुणी सांगितलं नाही, ते माझं मलाच सापडलं. डिसेंबरात शाळांच्या स्पर्धा चालू होत्या. खेळ समोरच्या अर्ध्यात होता आणि मी समोर बघत होते, सगळे बघतात तशी, पाठलाग करणारीच्या मागे मागे. अचानक वाटलं, मी तिला कशाला बघतेय? तिला बघायला तिकडे एक धडधाकट माणूस उभा आहे. माझ्याकडे खेळ येणार तो तिच्याकडून नाहीच येणार. तो येणार या आठांतल्या चार जणींकडून, ज्यांची तोंडं माझ्या बाजूला आहेत. त्यांच्यापैकीच कुणीतरी उठेल.

मग मी ते चार चेहरे बघायला लागले. दोन सेकंदांना पुरेल एवढं काम आहे त्यात. बसलेल्या मुलीचा चेहरा सगळं सांगतो. तिच्या मागे काय चाललंय ते तिला दिसत नसतं, ती कानांनी खेळत असते. पावलं जवळ आली की मान किंचित ताठ होते, पुढचा पाय मातीत रुततो, हाताची बोटं जमिनीवर टेकतात. एखादी उतावीळ असते, तिचा गुडघा खो मिळण्याआधीच उचलला जायला बघतो. ती कोण ते पहिल्या दोन मिनिटांत कळतं. एखादीच्या डोळ्यांत पाणी असतं कारण मघाशी कर्णधार ओरडलेली असते. तिच्याकडून फाऊल होणार हे समजायला मानसशास्त्र लागत नाही. हे चार चेहरे बघत असताना मन घरी जात नाही. कारण त्याला कामाला लावलेलं असतं. आमची आई म्हणायची, मूल रडतंय तर त्याला गप्प बस म्हणू नका, हातात वाटाणे सोलायला द्या.

म्हणजे आता माझं मन भरकटत नाही असं नाही. भरकटतं. पाळी संपून पुढची सुरू होते त्या मधल्या वेळात मी त्याला मोकळं सोडते, अगदी ठरवून. पाणी पिते, समोरच्या पंचाशी शेवेच्या उसळीबद्दल बोलते, आकाशात वटवाघळं दिसली तर बघते. पूर्वी मी त्या वेळातही भुवया आक्रसून नियमावलीसारखी उभी राहायची आणि दुसऱ्या पाळीच्या चौथ्या मिनिटाला रिकामी व्हायची. घट्ट मूठ किती वेळ धरणार? लोकांना वाटतं पंच गप्पा मारतोय म्हणजे लक्ष नाही. त्यांना पंचाची पाठ ताठ दिसली की बरं वाटतं.

मुलांना तर आता पंचाचीही फारशी गरज वाटत नाही. टीव्हीवरच्या खो-खोमध्ये रिव्ह्यू असतो, कॅमेरा असतो, कुठल्याही दिशेला पळू शकणारा वजीर असतो. 2025च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलांनी आणि मुलींनी, दोघांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवून तो जिंकला. पुढच्या रविवारी आमच्या मैदानावरचा प्रत्येक पोरगा वजीर होता. एकाला मी बाद दिला तर त्याने दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढला. मी म्हटलं, "रिव्ह्यू माझ्या घरी होतो बाळा, रात्री नऊ वाजता, आमचे हे घेतात." तो बाहेर गेला. थोडा वेळ त्याने मला मनातल्या मनात बरंच काही म्हटलं असेल. म्हणू दे. कॅमेरा असता तर मलाही आवडला असता. त्या मे महिन्यात तर नक्कीच.

या वर्षी आमच्याकडे एक नवा मुलगा आला, शारीरिक शिक्षणाची पदवी करणारा. मराठीच, पण वाक्याची सुरुवात मराठीत आणि शेवट गुजरातीत करणारा, आमच्या बडोद्याच्या तिसऱ्या पिढीसारखा. पंच परीक्षा नुकतीच पास झालेला. नियम त्याला माझ्यापेक्षा चांगले पाठ. पहिल्या सामन्याला माझ्याबरोबर उतरायचं ठरलं तेव्हा त्याने विचारलं, "मॅडम, मॅचमध्ये विचार काय करायचा?" हा प्रश्न मला 18 वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी त्याला श्वासाचं सांगितलं. विश्वामित्रीचं सांगितलं, ते ऐकून हसला. मग चार चेहऱ्यांचं सांगितलं. म्हणाला, "हे तर नियमावलीत नथी."

मुलींचाच सामना होता. शाळेचं मैदान, डिसेंबरची थंडी, कडेला सूर्यनमस्कारासाठी आखलेल्या जुन्या रेषा आणि त्यात आमच्या नव्या. एक कुत्रं सारखं लॉबीत येत होतं, त्याला वेळाधिकाऱ्याने बिस्किटं देऊन आपल्यापाशी बसवून घेतलं. पहिली पाळी छान गेली. समोर तो मुलगा जरा ताठ होता, दोनदा उगाच धावला, पण शिट्टी बरोबर वाजत होती. त्याचे ओठ मिटलेले दिसले आणि मला उगाच अभिमान वाटला.

दुसऱ्या पाळीत खेळ त्याच्या अर्ध्यात गेला. तिकडे दोघी पळत होत्या, पाठलाग करणारीने एकदम वेग घेतला आणि कडेच्या पालकांचा तो "आऽऽ" चढायला लागला. मी त्याच्याकडे बघायला लागले. शिट्टी घाई करेल का? आवाजाला फसेल का? श्वास नाकाने आहे का? मला त्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता. तो शांत होता. त्याने शिट्टी वाजवली नाही, कारण स्पर्श झाला नव्हता. शाब्बास, मी मनात म्हटलं. आणि माझ्यासमोर, माझ्या चारांतली दुसरी, जिचा गुडघा उतावीळ आहे हे मी पहिल्याच पाळीत हेरून ठेवलं होतं, ती खो मिळायच्या आधीच उठून निघालीसुद्धा होती.

शिट्टी वाजली. तुटक तुटक, न थांबता, फाऊल सुधारेपर्यंत वाजते तशी. माझी नव्हती. तो समोरून हात करून दाखवत होता, माझ्या अर्ध्यातल्या मुलीकडे.

सामन्यानंतर आम्ही उसळ खायला गेलो. बराच वेळ तो पावाचे तुकडे करत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, ती शिट्टी मी वाजवायला नको होती ना? हाफ तुमचा होता."

"बरोबर होती," मी म्हटलं. "तिची पाठ तुझ्याकडे होती."

"तुम्हाला दिसलं नव्हतं?"

मी त्याला सांगितलं की नव्हतं. कुठे बघत होते ते नाही सांगितलं. वरून शेव मागवली.

घरी पोचले तर हे दारातच. "कोण जिंकलं?"

चपला काढता काढता मी आठवायला लागले.